नो फीवर, सर

माझं काम म्हणजे माणसांना ताप आहे का हे विचारणं, आणि ते 'नाही' म्हणाले की त्यावर विश्वास न ठेवणं. याचा मला पगार मिळतो. मुंबईजवळच्या एका गजबजलेल्या बंदरात, जहाजांवरून येणारी रोगराई अडवणाऱ्या कार्यालयात मी आरोग्य निरीक्षक आहे. परदेशातून आलेलं जहाज पिवळा झेंडा लावून बाहेर उभं राहतं. आम्ही लाँचने जातो, दोराच्या शिडीने वर चढतो, खलाशांना डेकवर रांगेत उभं करतो आणि एकेकाला विचारतो. आम्ही ठीक आहे म्हटलं की झेंडा उतरतो, आणि मग जहाजाला धक्का मिळतो.

खलाशी खोटं बोलतात, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. त्यांचंही चुकत नाही म्हणा. ताप निघाला तर जहाज अडकतं, जहाज अडकलं की कंपनी चिडते आणि कंपनी चिडली की पुढचं कंत्राट जातं. म्हणून तापाचा माणूस आमची लाँच दिसली की पॅरासिटामॉल गिळतो, गार पाण्याने तोंड धुतो, केस विंचरतो आणि ताठ उभा राहतो. 'नो फीवर, सर.' कुठल्याही देशाचा खलाशी असो, हे तीन शब्द एकाच चालीत म्हणतो. मी कपाळाकडे बघतच नाही, हातांकडे बघतो. ज्याला आतून थंडी वाजत असते त्याचे हात भर उन्हात काखेत असतात. असे कितीतरी मी रांगेतून बाजूला काढले आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. शिव्यांचं मला काही वाटत नाही. माणूस शिव्या देतोय म्हणजे अजून जिवंत आहे.

मी मूळचा चोपड्याजवळच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातला. समुद्र तर सोडाच, तापीचं पाणी बघायचं तरी आम्हाला एसटी करावी लागते. मी बंदरात नोकरीला लागलो याचं गावाला विशेष काही वाटलं नाही, कारण सरकारी नोकरी कुठेही असली तरी सरकारीच. पण माझा धाकटा भाऊ जहाजावर निघाला तेव्हा गाव पोट धरून हसलं. तो नरडाण्याच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथे जीव रमेना, म्हणून त्याने खलाशाचा कोर्स केला आणि एका मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत लागला. 'पोहता येस का रे तुले?' असं पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, की हा म्हणायचा, 'आबा, पोहानं काम जहाजनं शे. मी फक्त बसस.'

तो माझ्याहून बराच लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळे मी त्याचा भाऊ कमी आणि बाप जास्त झालो. हे त्याला कधीच फारसं आवडलं नाही. माझा स्वभावही तसाच, बोलायला लागलो की समोरच्याला चौकशीला बसवल्यासारखं वाटतं. बायको म्हणते, तुम्ही जेवायला वाढतानाही तपासणी करता. असेल. सुट्टीवर घरी गेलो की मी चहाच्या आधी पाण्याची भांडी बघतो. रांजण, गुरांचं टाकं, गच्चीवर पडलेले जुने टायर. अळ्या वळवळताना दिसल्या की ओतून देतो, मग पाणी कितीही लांबून आणलेलं असो. धाकटा मला फाटकात बघितलं की आत ओरडायचा, 'साहेब उना! बादल्या लपाडा!'

आमच्याकडे हिवतापाची कुणाला भीती नाही, हे खरं दुखणं आहे. पावसाळ्यात तो घरोघरी येतो. आशाताई बोटाला टोचून रक्त नेते, गोळ्या देते, आणि आठवडाभरात माणूस पुन्हा कापसात निंदायला हजर. लहानपणी आम्हा दोघांनाही तो होऊन गेलेला. मी डासांवरून बडबड सुरू केली की धाकटा म्हणायचा, 'हिवतापले काय घाबरानं भाऊ? तो तं आपला घरनाच शे.' सगळे हसायचे. मी चिडायचो, आणि मी चिडलो की आणखी हसायचे.

आता कानबाईचं सांगायला हवं, कारण जे झालं ते तिच्या दिवसांत झालं. खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी मांडायची, तिला दागिने घालायचे, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी नदीवर नेऊन शिरवायची. पण भाऊबंदकी गोळा होते ती रोटासाठी. घरात जितके पुरुष असतील तितक्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो निवडून दळायचा आणि त्याचे रोट करायचे. हे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याच्या तोंडी जाऊ द्यायचे नाहीत, आणि पुनवेच्या आत संपवायचे. उरलंसुरलं, इतकंच काय पण खाऊन हात धुतलेलं पाणीही खड्ड्यात पुरायचं. रोटाचा गहू काढला की त्या घरात मांस-मच्छीचा विषय निघत नाही.

धाकटा बहुतेक श्रावण समुद्रावरच असायचा. तरी माय त्याच्या नावाची मूठ घ्यायची. 'तो जठे व्हई तठे, त्याना वाटा घरमा पाह्यजे,' असं तिचं म्हणणं. मग त्याचा रोट खायची वेळ माझ्यावर यायची. दोन वाटे खाऊन माझं पोट दर वर्षी बिघडायचं आणि दर वर्षी मी फोनवर त्याला त्याबद्दल बोल लावायचो. तो तिकडून कुठल्या तरी महासागरातून हसायचा.

त्या वर्षी मात्र तो श्रावणात घरी येणार होता, लग्नानंतर पहिल्यांदाच. पूजेला नवरा-बायकोने जोडीने बसायचं असतं. माझा आणि माझ्या बायकोचा तो मान मायने त्या वर्षी धाकट्या जोडीला द्यायचं ठरवलं, आणि आम्हालाही त्यात आनंदच होता. माय गावभर सांगत सुटली होती. तिला इतकं खुशीत मी वडील गेल्यानंतर बघितलं नव्हतं.

त्याचं जहाज तेव्हा पश्चिम आफ्रिकेत कच्चे काजू भरत होतं. नदीच्या मुखातलं बंदर, दोन्ही बाजूंना दलदल. हे कळलं तेव्हा मी फोनवर त्याला झापायलाच सुरुवात केली. म्हटलं, तिकडचा हिवताप आपल्या घरातला नाही. आपला बहुधा थंडी वाजवून, घाम काढून सोडतो. तिकडचा सरळ मेंदूत चढतो, मूत्रपिंडं बंद पाडतो, आणि उशीर झाला तर माणूस हातात राहत नाही. तो होऊ नये म्हणून कंपनी कॅप्सूल देते. रोज एक घ्यायची, आणि ते बंदर सोडल्यावरही चार आठवडे घेत राहायची. खलाशी नेमके तिथेच चुकतात. बंदर सुटलं की त्यांना वाटतं, सुटलो. 'घरी पोचल्यावरही घ्यायची,' मी म्हणालो. 'समजलं? कानबाई असो का दिवाळी असो.'

'हो साहेब,' तो म्हणाला.

कंत्राट तिथेच संपलं आणि तो विमानाने आला. विमानतळावर पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड बघतात. ते त्याच्याकडे होतं. झालं, सुटला. मी ज्या पाण्याच्या तोंडावर इतकी वर्षं पहारा देतोय, त्या वाटेने तो आलाच नाही. मुंबईहून रेल्वेने जळगाव आणि तिथून एसटीने चोपडा. मी ड्युटीवर होतो, त्यामुळे आमची भेट कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारीच व्हायची होती.

मधल्या दिवसांत घरी काय झालं ते मला नंतर त्याच्या बायकोकडून कळलं, पण इथेच सांगतो. माय ओट्यावर सूप घेऊन रोटाचा गहू निवडत होती. हा शेजारी बसून पाण्याचा तांब्या घेऊन कॅप्सूल गिळायला निघाला. मायला कुणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं, की कॅप्सूलचं कवच जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. ते खोटं नव्हतं, पुष्कळशा कॅप्सूलचं तसंच असतं. ती काही रागावली नाही, तिने त्याच्या हातातून औषध हिसकावून घेतलं नाही. ती एवढंच म्हणाली, 'ते कवच हाडसनं ऱ्हास म्हणे. आते रोटना गहू काढेल शे भाऊ. दोन-चार दिन थांबी जाय ना.'

जहाजावर पुढ्यात येईल ते खाणारा हा माणूस. तिथे काय काय खाल्लं हे त्याने मायला कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. पण त्या ओट्यावर, त्या सुपाशेजारी, पूजेचा मान मिळालेला असताना तिला नाही म्हणणं त्याच्याने झालं नाही. माझ्यानेही झालं नसतं असं मला कधी कधी वाटतं, आणि मग मी तो विचार सोडून देतो. त्याने कॅप्सूलचं पाकीट बॅगेत टाकलं आणि बायकोला म्हणाला, 'कानबाई उठनी का खाई लेसू.'

शुक्रवारी त्याला ताप आला. पॅरासिटामॉलची गोळी साधी, तिला कवच नाही, त्यामुळे ती चालत होती. ती तो घेत राहिला आणि बायकोला गप्प बसायला सांगितलं. भाऊला कळलं तर तो उचलून दवाखान्यात नेईल आणि पूजा राहील, अशी त्याला भीती होती. बरोबरच होतं ते. मी नेलंच असतं.

शनिवारी दुपारी मी फाटकात पोचलो. तो मांडवासाठी केळीचे खांब आणत होता. एक या खांद्यावर, एक त्या खांद्यावर, दोन्ही हात वर धरलेले, अंगावर चीक सांडलेला. 'साहेब उना! बादल्या लपाडा!' असं ओरडला. केस ओले करून विंचरले होते. बारीक झाला होता, पण जहाजावरून आलेला माणूस बारीकच दिसतो. मी पिशवीही खाली ठेवली नव्हती, तेवढ्यात विचारलं, 'कॅप्सूल चालू शेत ना?'

'चालू शेत ना भाऊ.'

'ताप, अंग दुखणं, काही?'

'काहीच नही.'

तरी मी जवळ जाऊन त्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तो वैतागला. आत बायको होती, माय होती, चुलते होते, सगळ्यांसमोर मी त्याला परत शाळकरी पोरगा करून टाकला होता. 'भाऊ, मी काय तुना रांगमा उभा शे का?' असं म्हणून तो खांब घेऊन आत गेला. मला हातांकडे बघायची सवय, पण त्याच्या हातांत केळीचे खांब होते.

रविवारी पूजा झाली. धाकटा आणि त्याची बायको जोडीने बसले. दोघांना उपास होता. तो घामाने निथळत होता, पण त्या खोलीत दिवे, धूप आणि सगळी भाऊबंदकी, तिथे कोण निथळत नव्हतं? मायने दोघांवरून बोटं मोडली. त्याचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, किती दमलाय आणि किती खूश आहे. दोन्ही खरंच होतं.

सोमवारी सकाळी कानबाई उठली. बायका तिला डोक्यावर घेऊन गावच्या नदीवर निघाल्या, पुढे डफ, मागे आम्ही. काठावर आरतीची तयारी चालली होती. ऊन चांगलं चढलं होतं. मी सहज मागे वळून बघितलं तर धाकटा सगळ्यांपासून बाजूला एका दगडावर बसला होता. अंग आखडून, हात काखेत घालून.

बंदरात हे मी शेकडो वेळा बघितलंय आणि दर वेळी शांतपणे पुढे होऊन माणूस बाजूला काढलाय. त्या दिवशी मी धावलो. अंग भाजत होतं, डोळे पिवळे होते. त्याने माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं, पंप बंद करू का. मी गाडी आणा म्हणून ओरडलो. चुलते म्हणाले, इतकं काय, हिवताप असेल, आरती होऊ दे, देवी शिरवू दे, मग निघू. मी त्या काठावर, कानबाईच्या समोर, त्यांना नको नको ते बोललो. आरतीची तयारी करणाऱ्या बायका ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. माय घाबरून कधी माझ्याकडे बघत होती, कधी देवीकडे.

चोपड्याच्या डॉक्टरांनी क्षणही वाया घालवला नाही. रक्ताची पट्टी टाकली, ती बघितली आणि आफ्रिकेचं नाव ऐकून त्यांचा चेहराच बदलला. जवळ होतं ते इंजेक्शन दिलं, आणि म्हणाले, लघवी बंद झाली आहे, इथे थांबू नका, जळगाव गाठा. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. या आजारात तास मोजतात. शुक्रवारपासूनचे किती गेले ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण पुष्कळ गेले असणार हे दिसत होतं. मी रस्त्याकडे बघत राहिलो आणि ड्रायव्हरवर खेकसत राहिलो.

तापी ओलांडली. धरणगावकडे गाडी लागली, दोन्ही बाजूंना कापूस. मागच्या सीटवर त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं. तो सारखा उठायला बघत होता, आणि ती त्याला दाबून धरत होती. मी पुढच्या सीटवरून मागे वळलो. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. भाऊ म्हणून ओळखलं नाही, पण कोण आहे ते त्याला कळलं. तो धडपडत सरळ झाला, काखेतले हात काढून मांडीवर ठेवले, एका हाताने केस बसवले.

'नो फीवर, सर,' तो म्हणाला. 'ऑल गुड.'

मी म्हणालो, 'ओके.'

मग तो आडवा झाला. मी ओके म्हटलं नसतं तर तो तसाच ताठ बसून राहिला असता. त्याच्या बायकोला काही कळलं नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मी पुढे तोंड करून रडत होतो.

जळगावच्या दवाखान्यात त्याला यंत्रावर ठेवलं. औषध बरोबर होतं, डॉक्टर चांगले होते, मूत्रपिंडासाठी वेगळं यंत्र लावलं. जे करायचं ते सगळं झालं, फक्त ते उशिरा झालं. बाहेरच्या बाकावर त्याची बायको दोन दिवस पिशवी मांडीवर धरून बसली होती. मग एकदा तिने पिशवीतून कॅप्सूलचं पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. वरच्या दोन-तीन कॅप्सूल, घरी आल्यावरच्या, घेतलेल्या होत्या, बाकी सगळ्या जागच्या जागी. तिने सगळं सांगितलं. सूप, गहू, कवच, सगळं.

मला इतका राग आला की तिथल्या तिथे उठून गावी जावं आणि मायसमोर ते पाकीट आपटावं असं वाटलं. तिला ते दिसलं असावं. तिने माझी बाही धरली. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाला हात लावत नाही. 'मायले नका सांगू दादा,' ती म्हणाली. 'ती मरी जाई.'

मी पाकीट तिला परत दिलं आणि नाही सांगणार म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चुलत्यांबरोबर मायने डबा पाठवला. वर स्वच्छ फडकं बांधलेलं. फोनवर म्हणाली, 'त्याना रोट शे. पुनव लागाना आगोदर एक घास तरी त्याना तोंडमा घाल.' ती स्वतः येत नव्हती. रोट सरेपर्यंत घर सोडायचं नाही, देवीला काही कमी पडलं तर पोराचं वाईट होईल, असं तिने धरून ठेवलं होतं. मी डबा घेऊन अतिदक्षता विभागाच्या दाराशी गेलो. नर्सने नाही म्हटलं. बाहेरचं अन्न आत चालत नाही. हाच नियम मी जहाजांवर लावतो, लोकांच्या आयांनी दिलेले डबे भट्टीत टाकायला लावतो. शिवाय त्याच्या तोंडात नळी होती. काचेतून तो दिसत होता. हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवले होते, बांधले होते खरं तर.

पुनवेच्या आदल्या दुपारी तो गेला.

सगळं आटोपून घरी आलो. बायका रडून थकल्या होत्या. तो डबा माझ्या पिशवीत तसाच होता, मी तो काढून मायसमोर ठेवला. तिने फडकं सोडलं, आत बघितलं, पुन्हा बांधलं. मग मला विचारलं, अगदी हळू, भांडणाचा सूर नव्हता त्यात.

'तू तठे बठ्ठासले इचारस ना रे, ताप शे का म्हणीसन? मंग आपला भाऊले कसं नही इचारं?'

मी विचारलं होतं. फाटकात, पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं होतं, कपाळाला हात लावला होता. तिने ते ऐकलंही असेल, पण त्या गर्दीत, त्या आनंदात ते तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी सांगू शकत होतो. पण मी सांगितलं असतं, तर तिने विचारलं असतं, मग कॅप्सूल खाऊनही ताप कसा आला. आणि मग ते सूप आणि तो ओटा आला असता. भिंतीशी बसलेली त्याची बायको माझ्याकडे बघत होती.

'चुकनं मनं, माय,' मी म्हणालो. 'नही इचारं मी.'

तिने डब्याच्या फडक्याची गाठ घट्ट केली. 'मंग तुले सरकार पगार कसाना देस?' एवढंच म्हणाली. मग डबा घेऊन उठली, परसात गेली, स्वतः खुरप्याने खड्डा केला आणि रोट त्यात पुरला. मी मागे जाऊन उभा राहिलो होतो. इतकी वर्षं त्याचा वाटा मी खात आलो होतो. त्या दिवशी तिने तो मला दिला नाही.

मी पुन्हा बंदरात रुजू झालो. दुसरं काय करणार? लाँच, शिडी, रांग. धक्क्यावरची गटारं, टायर, लाइफबोटींच्या ताडपत्रीत साचलेलं पाणी. या आठवड्यात ओतलेलं पुढच्या आठवड्यात परत भरतं. मी आता कपाळही बघतो आणि हातही बघतो, आणि 'घरी पोचल्यावरही घ्यायची' हे प्रत्येकाला दोनदा सांगतो. ते 'येस सर' म्हणतात. मला त्यांच्या मागे त्यांच्या घरांचे ओटे दिसतात, जिथे मी कधीच पोचणार नाही, आणि मग बोलण्यात जोर राहत नाही. पूर्वी वाटायचं, मी काही तरी अडवून धरलंय. आता तसं वाटत नाही. आता नोकरी करतो.

त्याची बायको तिच्या माहेरी, धुळ्याला असते. कधीतरी फोन करते. आम्ही दोघं इकडचं तिकडचं बोलतो आणि ते एक सोडून देतो. ते पाकीट अजून तिच्याकडेच आहे की टाकलं, मी विचारलेलं नाही.

माय माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. यंदा दुखवट्याचं वर्ष सरलं आणि पुन्हा रोट निघाले. मी रजा घेऊन गेलो. तिने माझ्या नावाची मूठ घेतली, तेवढं अजून आहे. गहू सुपात होता. सध्या तिला जळजळीचा त्रास आहे, डॉक्टरांनी सकाळी एक कॅप्सूल घ्यायला सांगितली आहे. माझ्या बायकोने ती पाण्याबरोबर पुढे केली, तर मायने हात मागे घेतला.

'रोट उठू दे. ते कवच हाडसनं ऱ्हास.'

माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. तिलाही यातलं काही माहीत नाही. मी उठलो, चमच्यात थोडं गार दूध घेतलं, कॅप्सूल दोन बोटांत धरून पिरगाळली. आतले पांढरे बारीक दाणे दुधात पडले. कवचाचे दोन तुकडे बाहेर मोरीत टाकून आलो. चमचा तिच्यासमोर धरला. तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पिऊन टाकलं.

'हाई बरं शे,' ती म्हणाली. मग सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. 'तुले बठ्ठं समजस. इचारानंच तेवढं नही समजनं.'

'हो, माय,' मी म्हणालो, आणि चमचा धुवायला गेलो.